मदत हवी आहे: देवघराच्या शिखरासाठी प्लायचे कोन कसे काढायचे?

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितोय. घरच्या देवघरावर चौकोनी शिखर बसवायचं आहे. नक्षीबिक्षी काही नाही. चार त्रिकोणी फळ्या, चारही वर एका टोकाला मिळणाऱ्या. पायाची बाजू १८ इंच, टोकाची उभी उंची १२ इंच. प्लाय १२ मिमी, त्याला बाहेरून सागवानी विनीर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावून आणलाय, त्यामुळे कडेला प्लायचे थर दिसले तर सगळी शोभा गेली. हाताशी आहे ती पाती ४५ अंशांपर्यंत तिरकी होणारी सर्क्युलर सॉ, गुण्या (काटकोन आखायचं साधन), आणि सियागंजातून आणलेला एक स्वस्तातला कोनमापक, ज्याच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

आमच्या मिस्त्रींचं उत्तर तयार आहे: "भिया, दोनों तरफ पैंतालीस मार दो, बाकी पुट्टी संभाल लेगी." माणूस हाताने पक्का आहे, त्याने केलेल्या कपाटांना बोट ठेवायला जागा नसते. पण या शिखरासाठी त्याने रद्दी प्लायच्या दोन तुकड्यांना ४५ मारून उताराला धरून दाखवलं, तर बाहेरून कडा टेकतात आणि आतून जवळजवळ दोन सुतांची पाचर उघडी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आत कोण बघतंय, असं त्याचं म्हणणं. मी म्हणतो, बघणार कोणी नाही, पण फेविकॉलने धरायचं कशाला?

तर पाती नेमकी किती तिरकी करायची, आणि त्रिकोण कसा आखायचा? पुढेमागे अष्टकोनी शिखर करायचं मनात आहे, म्हणून नुसता आकडा न देता तो कुठून आला तेही सांगितलंत तर बरं होईल. त्रिकोणमिती दहावीपुरती आठवते, म्हणजे साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, इथपर्यंत.

— रंधा_इंदूर

चौकस: आधी देवघराची दिशा सांगा. ईशान्येला आहे ना?

रंधा_इंदूर: आहे हो, ईशान्येलाच आहे. आता कोनांकडे वळूया?

निवृत्त_गणिती: छान प्रश्न आहे. तुमचे मिस्त्री चुकीचं शिकलेले नाहीत, ते पेटीचा नियम शिखराला लावतायत. उभ्या भिंतींची चौकोनी पेटी केली की पाती ४५ वर, हे बरोबरच. पण आता दुसरं टोक बघा. फोटोफ्रेम. तिच्या पट्ट्या आडव्या पडलेल्या असतात. तिथे पाती अजिबात तिरकी नसते, काप मात्र पट्टीवर ४५ अंशांत आडवा जातो. तुमचं शिखर या दोघांच्या अधेमधे आहे, म्हणून दोन्ही कोन ० आणि ४५ च्या मधे कुठेतरी येणार. उतार जितका उभा, तितकी पाती जास्त तिरकी आणि काप कमी तिरका.

कुठे येणार ते उतारावर ठरतं, म्हणून सुरुवात उतारापासून. शिखर मधोमध उभं चिरलं असं समजा. पायाच्या मध्यापासून कडेपर्यंत ९ इंच, वर १२ इंच, आणि फळीची तिरकी उंची म्हणजे कर्ण. ९ चा वर्ग ८१, १२ चा १४४, बेरीज २२५, वर्गमूळ १५. तुमच्या नकळत तुम्ही ३-४-५ चा त्रिकोण निवडलाय, त्यामुळे आकडे सोपे येतील. उताराचा साइन १२/१५ म्हणजे ०.८, कोसाइन (लगतची बाजू भागिले कर्ण) ९/१५ म्हणजे ०.६, उतार ५३.१३ अंश.

आता दोन सूत्रं. बाजूंची संख्या 'न' धरा. टॅन म्हणजे समोरची बाजू भागिले लगतची बाजू.

पातीच्या कोनाचा साइन = उताराचा साइन × (१८०/न) चा साइन
कापाच्या कोनाचा टॅन = उताराचा कोसाइन × (१८०/न) चा टॅन

चार बाजू, म्हणून १८०/४ = ४५. पहिल्यात ०.८ × ०.७०७१ = ०.५६५७, म्हणजे पाती ३४.४५ अंश. दुसऱ्यात ०.६ × १ = ०.६, म्हणजे काप ३०.९६ अंश. उतार ९० घालून पाहा, पाती ४५ आणि काप ० येतो: पेटी. उतार ० घाला, पाती ० आणि काप ४५: फ्रेम. सूत्र आठवत नसेल तेव्हा या दोन टोकांवर तपासून घ्यायचं.

मिस्त्रींची पाती गरजेपेक्षा साडेदहा अंश जास्त तिरकी होती, दोन्ही फळ्या मिळून २१ अंश. तुमची दोन सुतांची पाचर ती हीच.

निवृत्त_गणिती: एक राहिलं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आधी ३० चा साइन काढून बघा. ०.५ आला तर ठीक. −०.९८८ आला तर तो रेडियनमध्ये (कोन मोजायच्या दुसऱ्या एककात) आहे, त्याला अंशांवर आणा. यात भलेभले फसतात.

बडोदेकर: वडोदऱ्याहून नमस्कार. मास्तरांचं गणित चोख, पण कारखान्यात उभा राहणारा माणूस म्हणून सांगतो, त्रिकोण कोनमापकाने आखू नका. अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर १५ इंचांच्या लांबीत पुरा एक सूत फरक पडतो, आणि स्वस्तातल्या कोनमापकाचा अर्धा अंश म्हणजे काहीच नाही. पट्टीने आखा. प्लायवर, विनीरच्या बाजूला, १८ इंचांची सरळ रेघ. तिच्या मध्यावर गुण्याने लंब, लंबावर १५ इंच. टोक दोन्ही कोपऱ्यांना जोडा. झालं. ३०.९६ तुम्हाला कुठेही मोजावा लागला नाही, तो आपोआप आला. पडताळा म्हणून तिरकी कड मोजा, १७ इंच ४ सूत यायला हवी. (१५ इंच लावा बरं का, १२ नाही. उभी उंची आणि फळीची उंची यांच्यात आमच्या पोरांची नेहमी गल्लत होते.)

पातीसाठीही तीच युक्ती. ३४.४५ चा टॅन ०.६८६. जाड पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण कापा, एक बाजू ४ इंच, दुसरी २ इंच ६ सूत. सॉचं प्लग काढून ती उलटी ठेवा, २ इंच ६ सुतांची बाजू सॉच्या तळपत्र्यावर टेकवा आणि पाती कर्णाला चिकटेपर्यंत तिरकी करून पेच आवळा. साडेचौतीस येईल, सॉवरच्या खुणांपेक्षा नक्कीच बरा.

गुण्या: मिस्त्रींची बाजू घ्यायला कोणीच नाही म्हणून मी घेतो. आमच्या ग्वाल्हेरकडचे जुने सुतार साइनबिइन न शिकता छपरं बसवत आलेत. फरशीवर खडूने पूर्ण मापाचं चित्र काढायचं, आधी पाया, मग उभा छेद, आणि त्यावरून दोरीने लांबी उचलायची. तुम्ही दोघं जे आकड्यांत सांगताय ते त्यांच्या फरशीवर असतं.

निवृत्त_गणिती: अगदी मान्य. बडोदेकरांची पुठ्ठ्याची युक्ती म्हणजे लहान प्रमाणावर तेच. उज्जैनच्या वेधशाळेतल्या सम्राट यंत्राची, म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळाची, तिरकी भिंत पाहिली असेल. तिचा चढ तिथल्या अक्षांशाएवढा, २३ अंशांहून किंचित जास्त, कारण तिला उत्तर ध्रुवाकडे रोख धरायचाय. तिला कोणी ४५ वर बांधली नाही. उतार कामावरून ठरतो, बाकीचे कोन उतारावरून. मग ते खडूने काढा की कॅल्क्युलेटरवर.

रंधा_इंदूर: वा! मास्तर, बडोदेकर, दोघांचे आभार. आधी पुठ्ठ्याचे चार त्रिकोण करून चिकटपट्टीने जोडले, शिखर बरोबर १२ इंच उभं राहतंय. आता खालच्या कडेचं काय? ती सरळ कापली तर देवघराच्या छतावर नीट बसेल का?

बडोदेकर: नाही बसणार. फळी तिरकी उभी राहते, तर सरळ कापलेल्या कडेचा आतला कोपरा खाली येतो आणि सगळं शिखर त्या चार रेघांवर डुगडुगतं. खालच्या कडेला पाती ९० वजा उतार, म्हणजे ३६.८७ अंश. तिचा पुठ्ठा सोपा आहे, ४ इंच आणि ३ इंच, पुन्हा तुमचा ३-४-५. ३ ची बाजू तळपत्र्यावर. तिन्ही कडा आतल्या बाजूला उतरत्या हव्यात, म्हणजे विनीरची बाजू पूर्ण मापाची आणि आतली बाजू सगळीकडून लहान.

आणि सर्क्युलर सॉची पाती खालून वर चढते, विनीर वर ठेवून कापलंत तर त्याचे कपचे उडतील. रेघेवर मास्किंग टेप लावून आधी धारदार कटरने दोनदा ओरखडा, मग सॉ.

रंधा_इंदूर: आणि जोडताना? चार फळ्या एकदम धरायला चार माणसं लागतील असं वाटतंय.

बडोदेकर: एकटा माणूस करू शकतो. चारही त्रिकोण विनीर वर करून टेबलावर पंख्यासारखे मांडा, टोकं मधे, कडेला कड लावून. जोडांवर रुंद चिकटपट्टी दाबून बसवा. सगळं उलटं करा, आता आतल्या बाजूने तीन चिरा उघड्या दिसतील. त्यांत फेविकॉल भरून घडी घाला आणि चौथा जोड बाहेरून टेपने बंद करा. घडी मिटताना चिरा मिटल्या आणि गोंद कडेने जरासा वर आला की पातीचा कोन बरोबर होता असं समजा. आतून जोडांवर त्रिकोणी पट्ट्या ठोका, गोंद सुकेपर्यंत हलवू नका.

निवृत्त_गणिती: पंखा मांडाल तेव्हा एक गंमत बघा. एकेका त्रिकोणाचा वरचा कोन ६१.९३ अंश, चार मिळून २४७.७. पूर्ण वर्तुळाला जे ११२.३ अंश कमी पडतात, तेच मिटवताना शिखर उभं राहतं. काप ४५ चा असता तर वरचा कोन ९० आला असता, चार मिळून ३६०, आणि तुमचं शिखर टेबलावर सपाट पडून राहिलं असतं.

अष्टकोनीसाठी १८०/८ = २२.५. उतार हाच ठेवलात तर पाती १७.८३ आणि काप १३.९६. बाकी कृती तीच, फक्त त्रिकोण आठ आणि अरुंद.

गुण्या: आठ फळ्यांत प्रत्येक जोडाला थोडी थोडी चूक साठत जाते आणि शेवटचा जोड मिटत नाही. चौकोनी हात बसल्याशिवाय अष्टकोनीच्या वाटेला जाऊ नका.

रंधा_इंदूर: मिस्त्रींना पुठ्ठ्याचं शिखर दाखवलं. दोनचार वेळा फिरवून पाहिलं, पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण खिशात घातला आणि म्हणाले, "ये तो मैं रख रिया हूँ." तर तो मला आता दुसरा कापायला लागणार. शेवटचा प्रश्न: वर पितळी कळस बसवायचाय, त्याला २ इंच चौरस सपाट जागा हवी. टोक किती छाटू?

निवृत्त_गणिती: समरूप त्रिकोण. १८ ला २, म्हणजे नववा हिस्सा. फळीवर टोकापासून १५/९, म्हणजे १ इंच ५ सूत आणि वर केसभर. शिखराची उंची तेवढ्याने १ इंच आणि पावणेतीन सूत कमी होईल, पण कळस ती भरून काढेल.

बडोदेकर: हे जोडण्याआधीच कापा, नंतर हात पोचत नाही. पाती तीच ३६.८७, पण उतार उलट बाजूला. वरची कड खालच्या कडेला समांतर हवी, म्हणजे इथे विनीरची बाजू आखूड आणि आतली लांब. १२ मिमी प्लायमध्ये मधे साधारण पाऊण इंचाचं चौकोनी भोक आपोआप उरेल, कळसाचा बोल्ट त्यातूनच खाली घ्या. आतून मोठा वायसर लावा, नुसता नट प्लायमध्ये रुततो.