पहिला कॉलम उजवीकडे का जुळत नाही

विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये यादी दाखवणाऱ्या लिस्ट-व्ह्यू या घटकात व्ह्यू 'रिपोर्ट' (तक्त्यासारखी मांडणी) केल्याशिवाय कॉलम दिसत नाहीत. कोडमध्ये उजवी अलाइनमेंट (मजकूर कोणत्या कडेला लावायचा ते) देऊनही रकमेचा पहिला कॉलम उजवीकडे जुळत नाही, असा तुमचा प्रश्न आहे; त्याबद्दल थोडं. तुमचा कोड बरोबर आहे. विंडोजचा लिस्ट-व्ह्यू शून्य क्रमांकावर, म्हणजे पहिल्या जागी, घातलेल्या कॉलमची अलाइनमेंट मानतच नाही, मजकूर डावीकडेच ठेवतो. म्हणून शून्यावर एक रिकामा कॉलम घाला, खरे कॉलम १ पासून पुढे हव्या त्या अलाइनमेंटने घाला आणि मग तो रिकामा काढून टाका. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हीच युक्ती दिली आहे. मात्र ओळी भरायच्या आधीच हे उरका, म्हणजे सबआयटमच्या (ओळीतल्या प्रत्येक कॉलमच्या मजकुराच्या) क्रमांकांचा घोळ होत नाही. शेवटच्या कॉलमला 'ऑटोसाइज यूज हेडर' ही रुंदी द्या, उरलेली रुंदी तो स्वतःच भरतो.