वजन जास्त म्हणजे हाडं मजबूत? कुणी सांगितलं?

घोडबंदरची सून: सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांची पोस्ट फिरतेय, अंगावर चरबी हवीच, बारीक माणसाची हाडं कच्ची, माझं वजन ९२ आणि बोन रिपोर्ट नॉर्मल. खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितेय. भार पडला की हाड घट्ट होतं, पाळी गेल्यावर बाईच्या चरबीत थोडं इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन) बनतं आणि त्याने हाड टिकतं, इथवर मान्य. पण पोटाच्या आतली चरबी अंगात सतत बारीक सूज ठेवते आणि ती हाडाला पोखरते. त्यात टाइप टू डायबेटिस असला तर डेक्सा (हाडाची घनता मोजणारा एक्स-रे) चांगला येऊनही हाड मोडतं, कारण साखर हाडातल्या कोलॅजेनला चिकटून ते ठिसूळ करते आणि डेक्सा मोजतो फक्त खनिज. माझ्या सासूबाई अंगाने भरलेल्या, शुगर जुनी, डेक्साचा टी-स्कोर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करून येणारा आकडा) उणे ०.८, म्हणजे नॉर्मलच. देवापुढून उठताना पाय मुडपला, घोटा दोन ठिकाणी मोडला, प्लेट घालावी लागली.

नेरुळकर: एका सासूबाईंवरून नियम करू नका ताई. माझी आई जन्मभर काडी, ना शुगर ना बीपी, खुबा मोडला आणि परत उठलीच नाही. असलं वाचून पोरी जेवण सोडतात, आणि वजन उतरताना हाडही उतरतं, ते कोण सांगणार?

घोडबंदरची सून: आईंचं ऐकून वाईट वाटलं. पण जेवण सोडा असं मी कुठे लिहिलंय, दाखवा. खुबा बारीक बायकांचा जास्त मोडतो हे खरंच, पण जाड बायकांचा घोटा आणि मांडीचं हाड जास्त मोडतं, पाळी गेलेल्या बायकांवरच्या ग्लो नावाच्या २०११ च्या अभ्यासात आलंय.

पाचपाखाडी: काकांचा रिपोर्ट कुठला ते विचारा आधी. क्लबहाऊसमधल्या फुकट कॅम्पचा असणार. टाचेला जेल लावून पाय मशीनमध्ये, झाला रिपोर्ट. अहो हाडं ठिसूळ ठरवणारी टी-स्कोरची उणे २.५ ची रेघ डब्ल्यूएचओने १९९४ ला आखली ती डेक्साची, टाचेच्या अल्ट्रासाउंडला ती लागत नाही. आमच्याकडे बायकोला तक्त्यावरचा लाल पट्टा दाखवून घाबरवलं आणि तिथल्या तिथे पावडरचा डबा गळ्यात मारला.

कळवेकर: मी याच लाइनमधला आहे. टाचेची टेस्ट प्राथमिक चाळणी म्हणून चालते, शंका आली की डेक्साला पाठवतात. सगळ्यांना चोर ठरवू नका.

पाचपाखाडी: चोर म्हटलंच नाही, अंगावर का घेताय? मशीनच्या शेजारच्या टेबलावर डब्यांची चळत होती, त्याला चाळणी म्हणायचं का?

ऐरोली सेक्टर ८: कमिटीला विचारा क्लबहाऊस कॅम्पवाल्यांना फुकट कसं मिळालं. आमच्या मुलीच्या बारशाला भाडं घेतलं, वर साफसफाईचे वेगळे.

पाचपाखाडी: आमच्याकडेही तेच! सेक्रेटरी म्हणतात समाजसेवा आहे.

कळवेकर: डबा नको तर नाही म्हणायचं ना, हात धरला होता का कुणी?

पाचपाखाडी: साठीच्या बाईला तुझी हाडं पोकळ झालीत म्हणून सांगायचं आणि वर हात धरला का विचारायचं? लाज वाटू द्या थोडी.

नेरुळकर: भांडा नंतर. ताई, माझं म्हणणं तेच, अंगात मांस हवं.

घोडबंदरची सून: मांस हवं, पोट नको. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे युडकिन यांचा फोटो २००४ ला लॅन्सेटमध्ये आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे असलेली माणसं घरोघरी आहेत. काट्यावर कळत नाही ते, कमरेला टेप लावा, पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०, त्यावर नको.

नेरुळकर: बरं, कमरेचं पटलं. तेवढंच. वजन उतरवायचं तर डंबेल्स उचलून, पोटभर डाळ-अंडी खाऊन उतरवा, नुसतं ताकावर राहून नाही, हेही वर धाग्यात लिहा.

घोडबंदरची सून: लिहिते. आणि काकांना एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) कधी केली होती ते विचारते.