'मनमिळाऊ'मधलं 'मिळाऊ' नक्की काय?

चिंचगूळ:
ताईच्या लग्नाचा बायोडेटा टाईप करतोय, आईने स्वभावापुढे 'गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ' लिहायला सांगितलंय. लिहिता लिहिता अडकलो, मिळणे म्हणजे पगार मिळतो, सुट्टी मिळते तसं ना, मग मनमिळाऊ म्हणजे ज्याला मन मिळतं तो? की हिंदीतल्या 'मिलनसार'वरून ढापलाय?

पाणकळा:
ढापलेला नाही. मूळ संस्कृत 'मिल्', म्हणजे एकत्र येणं. आता पगारवाला अर्थच डोक्यावर बसलाय पण जुना कुठे गेलेला नाही, मुळा मुठेला मिळते, किल्लेदार शत्रूला मिळाला, आपण सगळे मिळून जाऊ, शिवाय मेळ, मेळा, मेळावा ही सगळी त्याच घरची. तर ज्याचं मन दुसऱ्याच्या मनाशी पटकन मिळतं तो मनमिळाऊ. मिलनसारमधलं 'मिल' हेच, पण त्याचं 'सार' हे शेपूट फारसी आहे, 'खाकसार'मधलं (खाकसार म्हणजे नम्र).

वऱ्हाडी ठेचा:
म्हणजे आम्ही 'पुस्तक भेटलं' म्हटलं की पुण्याची मंडळी दात काढतात, पण आम्ही 'भेटणे'चं जे केलं तेच तुम्ही 'मिळणे'चं आधीच करून बसलात की 😀

पाणकळा:
अगदी. फक्त तुमचं अजून व्याकरणवाल्यांच्या डोळ्यात खुपतंय.

अर्धविराम:
खरी गंमत त्या 'आऊ'त आहे. लढाऊ स्वतः लढतो, टिकाऊ स्वतः टिकतं, पण टाकाऊ काही टाकत नाही, त्याला दुसरे टाकतात, विकाऊचंही तेच. मनमिळाऊ खरं तर लढाऊच्या पंगतीतला, पण स्थळांच्या जाहिरातीत त्याचा अर्थ 'सासरी जुळवून घेईल, उलटून बोलणार नाही' एवढाच उरलाय. मुलाच्या बायोडेटात बघा, तिथे 'निर्व्यसनी' लिहिलं की काम झालं, मन मिळवायचं खातं सुनेकडे! आणि मनमिळाऊ म्हणजे बडबड्या असं पण नाही हं. आमच्या मजल्यावरचे काका तोंडातून शब्द काढत नाहीत, पण रात्री कुणाचा गॅस संपला की पहिली बेल त्यांचीच वाजते आणि ते बनियनवरच सिलेंडर ढकलत बाहेर येतात.

वऱ्हाडी ठेचा:
मग 'उडाऊ' कुठल्या पंगतीत? तो स्वतः उडत नाही, त्याला कोणी उडवत नाही, उडतात ते बापाचे पैसे.