मदत हवी आहे: जुन्या पितळेचा भाव कसा काढावा?

मंडळी, मालवणजवळचं आमचं जुनं घर उतरवतोय. माळ्यावरून पितळेचा ढीग निघाला: दोन हंडे, कळशी, चार टोप, परात, शिवाय एक मोडकी समई. घरच्या ताणकाट्यावर सगळं मिळून 31 किलो भरलं.

दारावर आलेला भंगारवाला सरसकट 350 रुपये किलोने मागतोय. वर म्हणतो, "काकी, कल्हईचा वजन कापूक व्हया!" अहो, कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, त्याचं वजन ते किती? हंड्याच्या लोखंडी कड्यांचं वजन कापलं तर समजू शकते. चुंबक लावून बघितलं, तो फक्त त्या कड्यांनाच चिकटला.

मला विचारायचंय ते असं. पत्र्याचे हंडे आणि ओतीव समई यांना वेगळा भाव मिळतो का? ओतीव पितळेत शिसं असतं म्हणतात. हंड्यांचा घासलेला भाग चांगला तांबूस दिसतो, म्हणजे तांबं जास्त असणार. बाजारभाव छापतात त्यातला 'हनी' पितळेचा (भंगार बाजारात मिश्र पिवळ्या पितळेच्या मोडीला असं म्हणतात) भाव धरून किती कमी मिळालं तर ठीक समजायचं?

कळशीवर आजीचं नाव ठोकलेलं आहे, ती मोडीत देणार नाही. बाकीच्यासाठी कणकवली-कुडाळकडचा खऱ्या काट्याचा माणूस कुणाला माहीत असेल तर सांगा. चतुर्थीआधी माळा रिकामा करायचाय.