मदत हवी आहे: साताऱ्याच्या आकाशाला जुळेल असं नक्षत्रं ओळखायचं पुस्तक कुठलं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात राहतो. मुलगी आठवीत आहे, वर्षभरापासून तिला आकाशाचं वेड लागलंय. टेलिस्कोप घ्या म्हणून मागे लागली होती, पण जिथे विचारलं तिथे सगळे म्हणाले आधी पुस्तक घ्या, नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रं ओळखायला लागली की मग दुर्बिणीचं बघा. पटलं. पुस्तक ऑनलाइन मागवलं आणि तिथून घोळ सुरू झाला.

पहिलं स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं, ते झेरॉक्स मारून बाइंड केलेलं निघालं. नकाशे पांढऱ्या कागदावर काळ्या ठिपक्यांचे, त्यातले बारीक तारे उडालेले आणि भलत्याच ठिकाणी टोनरचे डाग. मुलीने त्यातला एक ठसठशीत 'तारा' गच्चीवरून दोन रात्री शोधला. तिसऱ्या दिवशी उजेडात त्यावरून नख फिरवलं तर डाग खरवडून निघाला. तिचं तोंड एवढंसं झालं, मला फार वाईट वाटलं. ते परत केलं आणि साडेअकराशेचं परदेशी पुस्तक घेतलं, जाड कागद, छपाई अगदी स्वच्छ.

ते घेऊन दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, चंद्र उशिरा उगवणार होता म्हणून, यवतेश्वरच्या पुढे कास रोडला मोकळी जागा बघून गाडी लावली. मी, मुलगी आणि माझी आई. पुस्तकात सुरुवातच अशी की आधी सप्तर्षी शोधा, ते वर्षभर रात्री कधीही दिसतात. रात्रीचे नऊ वाजलेले. उत्तरेकडे तोंड करून आम्ही तासभर शोधतोय, मुलगी रडवेली, माझी मान दुखायला लागली. आई शाल गुंडाळून बसली होती ती म्हणाली, "अरे खाटलं आत्ता कुठलं दिसायला, ते उन्हाळ्यात. अंगणात झोपायचो तेव्हा असायचं." आईचं माहेर माण तालुक्यातलं, सप्तर्षीला ती खाटलंच म्हणते. मग तिनेच पूर्वेला हात करून कृत्तिकांचा झुबका दाखवला, आणि म्हणाली अजून थोडं थांबलात तर तिकांडं (मृगातले एका ओळीतले तीन तारे) पण वर येईल.

घरी येऊन डोकं लावलं तेव्हा उलगडा झाला. ध्रुव तारा क्षितिजापासून जेवढा वर, तेवढा आपला अक्षांश. सातारा साधारण 17.7 अंशावर, म्हणजे हात लांब करून मूठ धरली (एक मूठ साधारण 10 अंश) तर ध्रुव जेमतेम पावणेदोन मुठी वर. पुस्तक लिहिलंय 40 ते 50 अंशावरच्या लोकांसाठी. तिथे सप्तर्षी मावळतच नाहीत, आपल्याकडे मात्र ऑक्टोबरात रात्री नऊला ते क्षितिजाखाली असतात. दक्षिणेला याच्या बरोब्बर उलटं. अगस्त्य तारा 37 अक्षांशाच्या उत्तरेला गेलं की दिसतच नाही, म्हणून त्या नकाशांत तो नाहीच! आणि इथे फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमाराला दक्षिणेला 20 अंश वर लखलखत असतो, व्याधाच्या खालोखाल आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. त्रिशंकू (सदर्न क्रॉस) हा तारकासमूहसुद्धा मेमध्ये 12 अंशापर्यंत वर येतो. (आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला असल्यामुळे गच्चीवरून दक्षिण अर्धी झाकलेलीच, त्यासाठी बाहेर जावं लागणार.) एवढं आकाश आपल्याला फुकट मिळालंय आणि मुलीच्या हातातल्या पुस्तकात ते नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

तर मदत अशी हवी आहे की 15 ते 20 अंशासाठी महिन्यावार नकाशे असलेलं पुस्तक कुणी वापरलंय का? मराठी नावं असली तर फारच उत्तम, कारण आई रोहिणी म्हणते, मुलगी आल्डेबरन म्हणते, आणि मला मध्ये दुभाष्या व्हावं लागतं. पुस्तकात ग्रह कुठेच का दाखवत नाहीत हाही तिचा प्रश्न आहे. आणि पुस्तक अंधारात वाचायचं कसं? मोबाइलचा टॉर्च लावला की पुढे कितीतरी वेळ काही दिसत नाही, शिवाय कासकडे दव इतकं पडतं की पानं ओली होतात.

एक मात्र तिचं तिने शोधलं. नकाशात पूर्व डावीकडे छापलेली, मी म्हटलं चुकलंय. तिने पुस्तक उलटं करून डोक्यावर धरलं, उत्तर उत्तरेकडे केली, आणि सगळ्या दिशा जुळल्या.

प्रतिसाद (सांगलीहून):

दादा, पुस्तक टाकू नका. तारकागुच्छ (ताऱ्यांचे झुबके), तेजोमेघ (आकाशातले वायू-धुळीचे ढग) कुठे आणि कसे दिसतात ती माहिती चालतेच, फक्त महिन्याचे नकाशे आपले आपण काढा. कॉम्प्युटरवर स्टेलेरियम नावाचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात सातारा टाका, एक तारीख रात्री नऊ असं लावून पान प्रिंट करा. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, त्यामुळे तेच पान पंधरा तारखेला आठ वाजता चालतं. आम्ही अशी ऑक्टोबर ते मे आठ पानं काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलीत, पावसाळ्यात तसंही काही दिसत नाही. नावं आईंना विचारून मुलीलाच पेन्सिलने लिहू दे.

टॉर्चला लाल जिलेटीन पेपरच्या दोन-तीन घड्या रबर लावून बसवा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती मेहनत क्षणात जाते, मंद लाल उजेडाने जवळजवळ नाही.

ग्रह जागा बदलत राहतात म्हणून ते कायमच्या नकाशात छापता येत नाहीत. घरातलं पंचांग बघा, त्यात ग्रहाची निरयन (म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली) राशी असते त्यामुळे ग्रह साधारण त्याच तारकासमूहात किंवा त्याला लागून सापडतो.

'टर्न लेफ्ट ॲट ओरायन' बऱ्याच जणांकडून सुचवलं जाईल, चांगलं आहे पण ते मुळात छोट्या टेलिस्कोपसाठी आहे, आत्ता नको. त्या पैशांत थोडी भर घालून 10x50 (दहापट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची) बायनॉक्युलर बघा. कृत्तिका, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका, सगळं दिसतं. पुण्याला जाणं होत असेल तर ज्योतिर्विद्या परिसंस्थेत चौकशी करा, 1944 पासूनची संस्था आहे.

धागाकर्ता:

ताई, मनापासून आभार. डिसेंबरचं पान आत्ताच प्रिंट केलं. आईने मृगाशेजारी 'तिकांडं' लिहायला लावलंय. मराठी नावांचं जुनं पुस्तक कुणाकडे पडून असेल तर मात्र अजूनही हवंय, सातारा-कराड-सांगली कुठेही येऊन घेऊन जाईन.