महाराष्ट्राची पहिली वर्षे सातवीला कोल्हापूरच्या सीमेवरून कशी शिकवावीत?

करवीर_वर्ग७

सातवी-आठवीच्या मुलांसाठी राज्यस्थापनेनंतरच्या पहिल्या सात-आठ वर्षांचा प्रकल्प घ्यायचा आहे. ४२ मुले आणि सहा तासिका. नेहमीच्या पद्धतीने १ मे १९६०, यशवंतराव चव्हाण आणि हुतात्मा चौक एवढे सांगून विषय संपतो. आपला जिल्हा तर राज्याच्या दक्षिण कडेवर आहे. कागलच्या पुढे गेले की दुसरे राज्य लागते, आणि ती रेघ तिथे कधी आली हे मुलांना कुणी सांगितलेलेच नसते. नकाशा नेमका कोणत्या सालापासून घ्यावा? कालपट्टीत काय घ्यावे, काय गाळावे? सीमाप्रश्न या वयाला किती सांगावा? ज्यांनी हा विषय नीट हाताळला आहे त्यांनी तपशीलवार लिहावे.

नकाशा_आणि_रेघ

मॅडम, सुरुवात १९६० पासून केली तर मुलांना काहीच कळणार नाही. १९४७ पासून करा आणि एकावर एक ठेवता येणारे चार थर बनवा: १९४७, १९४९, १९५६, १९६०.

पायाचा नकाशा ए-३ कागदावर, उभा. प्रमाण १ सेंमी = ५ किमी. जिल्हा उत्तर-दक्षिण साधारण ३२ सेंमी होतो, त्यामुळे मिरज, रायबाग आणि बेळगावही कागदात बसतात. पायाच्या कागदावर फक्त नद्या आणि गावे, सीमा एकही नाही. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, ताम्रपर्णी एवढ्या नद्या पुरे. सीमा सगळ्या वरच्या थरांवर येतील.

थरांसाठी बटर पेपर वापरू नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तो फुगतो, आकसतो, आणि आठ दिवसांनी रेघा एकमेकींवर बसत नाहीत. ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट घ्या आणि बारीक टोकाचे पर्मनंट मार्कर. शीट ए-४ मिळते, म्हणून एका थराला दोन शीट पाठीमागून सेलोटेपने जोडा. जोड मधोमध आडवा येईल, तिथे गावाचे नाव लिहू नका. प्रत्येक थरावर मिरज, मलकापूर आणि बेळगाव हे तीन ठिपके आधी काढून घ्या आणि थर ठेवताना तेच जुळवा. दोनच ठिपके घेतले तर शीट उलटी पडली तरी लक्षात येत नाही.

पहिल्या थराला तीनच रंग: कोल्हापूर संस्थान, इतर संस्थाने, ब्रिटिश मुलूख. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या कोल्हापूरच्या मांडलिक जहागिरी होत्या; त्यांना वेगळा रंग द्यायला गेलात तर नकाशा गोधडी होतो. संस्थानाच्याच रंगात आडव्या रेषा मारा. कुरुंदवाड मात्र स्वतंत्र संस्थान, ते ‘इतर’मध्ये. रायबाग कोल्हापूरचे होते, पण मुख्य मुलखापासून तुटलेले. ते बेट मुलांना स्वतः रंगवू द्या. संस्थान म्हणजे सलग जमीन नव्हे, हे त्या एका ठिपक्यातून समजते.

दुसरा थर १ मार्च १९४९ चा, कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले तो दिवस. सांगली, मिरज, कुरुंदवाड वगैरे दख्खनची संस्थाने एक वर्ष आधीच, ८ मार्च १९४८ ला विलीन झाली होती. दोन्ही तारखांची गल्लत हमखास होते. या थरावर रायबाग बेळगाव जिल्ह्याच्या रंगात जाते.

तिसरा थर १ नोव्हेंबर १९५६. राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने मुंबई राज्यातून विजापूर, धारवाड, कारवार हे जिल्हे, आणि चंदगड तालुका सोडून बाकीचा बेळगाव जिल्हा, म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले. चंदगड राहिला आणि आपल्या जिल्ह्याला जोडला गेला.

आता चौथा थर, १ मे १९६०, तिसऱ्यावर ठेवा. आपल्या कागदावर एक रेघसुद्धा हललेली नाही! बदलले ते फक्त नाव: मुंबईऐवजी महाराष्ट्र. १९६० ची फाळणी गुजरातच्या बाजूला झाली. कोल्हापूरला कडेचा जिल्हा केले ते १९५६ ने. ‘बेळगाव १९६० साली गेले’ असे मोठी माणसेही बोलतात. हे दोन थर समोर ठेवले की ते बोलणे थांबते. यासाठी एक पूर्ण तासिका राखून ठेवा, घाई करू नका.

गडहिंग्लज_वाट

वरचे सगळे बरोबर आहे. नावांच्या चुकांबद्दल थोडी भर.

चौथ्या थरावर दक्षिणेला ‘कर्नाटक’ लिहायचे नाही. ते नाव १ नोव्हेंबर १९७३ ला आले; १९६० साली ते म्हैसूर राज्य. पश्चिमेला ‘सिंधुदुर्ग’ नको, तो जिल्हा १९८१ चा. आंबोली, सावंतवाडी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात. सांगली जिल्हा १ मे १९६० ला ‘दक्षिण सातारा’ म्हणूनच होता, नाव नोव्हेंबर १९६० मध्ये बदलले. मुले आजचा नकाशा गिरवतात म्हणून या तिन्ही चुका एकदम येतात. गिरवण्याआधी ही तीन नावे फळ्यावर लिहून त्यांवर काट मारा.

पूर्ण राज्याचा छोटा नकाशा लावणार असाल तर जिल्हे २६ मोजून घ्या: विदर्भ ८, मराठवाडा ५, उरलेले १३. लातूर, जालना, गडचिरोली दिसले की समजायचे, नकाशा नंतरचा आहे.

आणि गोवा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज होते. म्हणजे नव्या महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला पहिले दीड वर्षाहून जास्त काळ परदेशाची हद्द लागून होती. त्याला वेगळा रंग द्याच.

निपाणीबद्दलही सांगून ठेवतो. बाजारहाट कोल्हापूरशी, म्हणून मुले ती संस्थानात टाकतात. निपाणी ब्रिटिश बेळगाव जिल्ह्यात होती. चंदगडही तसाच, संस्थानी नव्हे. उलट गडहिंग्लज संस्थानी. शेजारशेजारचे दोन तालुके आणि १९४९ पर्यंत दोघांचे सरकार वेगळे.

कालपट्टी_१४सेंमी

कालपट्टीसाठी एकच चार्ट पेपर पुरतो. ५६ × ७१ सेंमीचा कागद लांबीच्या दिशेने कापून १४ सेंमी रुंदीच्या चार पट्ट्या करा आणि २ सेंमी एकमेकींवर चढवून चिकटवा. २७८ सेंमी लांबी मिळते. १ महिना = १ सेंमी. शून्य १ मार्च १९४९ वर. तिथून १ नोव्हेंबर १९५६ बरोबर ९२ सेंमीवर, १ मे १९६० १३४ सेंमीवर. वर्ष = १० सेंमी धरले की महिने बसवताना मुले अडतात, म्हणून १२ च ठेवा.

काय घ्यावे? मुलांच्या दारापर्यंत जे आले ते. मुख्यमंत्र्यांची यादी एका ओळीत आटपा: चव्हाण, नोव्हेंबर १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यावर मारोतराव कन्नमवार, त्यांच्या निधनानंतर डिसेंबर १९६३ पासून वसंतराव नाईक. मधले काही दिवस बाळासाहेब सावंत होते, पट्टीवर ते एका सेंमीपेक्षा कमी भरतात.

जागा द्यायची ती १ मे १९६२ ला. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या त्या दिवशी सुरू झाल्या, कायदा १९६१ चा. त्याआधी जिल्हा लोकल बोर्ड होते. खेड्यातली मराठी शाळा, दवाखाना, गावाचा रस्ता हे निवडून आलेल्या जिल्हा परिषदेकडे आले. शाळेच्या फलकावर ‘जिल्हा परिषद’ का लिहिलेले असते, याचे उत्तर पट्टीवर १५८ सेंमीला आहे. नवे राज्य म्हणजे काय हे सातवीच्या मुलाला याहून जवळून दाखवता येत नाही, असे मला ठामपणे वाटते.

त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला शिवाजी विद्यापीठ, उद्घाटन राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते. तोवर इथली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. सुरुवातीचे कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी. हे पाच जिल्हे छोट्या नकाशावर रंगवून घ्या.

मग १९६३ चा जिल्हा दूध संघ, १९६४ चा राजभाषा अधिनियम, आणि शेवटी ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप, २२५ सेंमीच्या किंचित पुढे. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा. तो पुण्याचा असला तरी घ्या, नव्या सरकारपुढची पहिली मोठी आपत्ती तीच.

पट्टीच्या वरच्या बाजूला राज्य, खालच्या बाजूला जिल्हा असे ठेवा. सगळे एकाच बाजूला लिहिले तर १९६२ जवळ अक्षरे एकमेकांवर चढतात, कारण एका वर्षात अनेक नोंदी येतात.

करवीर_वर्ग७

फारच उपयोगी पडले, तिघांचेही आभार. दोन थरांची रेघ एकच, हे माझ्या टाचणात नव्हते. सीमाप्रश्न राहिला. मुलांची नातीगोती दोन्हीकडे आहेत, म्हणून विचारते आहे.

गडहिंग्लज_वाट

नातीगोती आहेत म्हणूनच सांगायचे, पण चढ्या आवाजात नाही. चार नोंदी क्रमाने द्या. १९५६ ला मराठी बोलणारी बरीच गावे म्हैसूर राज्यात गेली आणि महाराष्ट्राने ती मागितली. ऑक्टोबर १९६६ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. १९६७ च्या अहवालाने निपाणी, खानापूर भाग महाराष्ट्राला द्यावा आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे असे सुचवले. महाराष्ट्राला ते मान्य झाले नाही आणि अंमल झाला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

‘आयोगाने सगळे त्यांना दिले’ असे एखादा मुलगा घरून ऐकून येईल. त्याला निपाणीचा ठिपका दाखवा.

यानंतर मुलांना एक काम द्या: गाव कुणाचे हे कशावरून ठरवायचे? भाषा, सलगता, बाजार, की लोकांची इच्छा? महाराष्ट्राने खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा ही तत्त्वे मांडली. दोन गट करून मुलांनी पायाच्या नकाशावर स्वतः रेघ ओढायची. ती बहुतेक वेळा नदीवर अडते, कारण ताम्रपर्णी, घटप्रभा, हिरण्यकेशी तिन्ही इकडून उगम पावून तिकडे वाहत जातात.

नकाशा_आणि_रेघ

या कामासाठी पाचवी, कोरी शीट ठेवा आणि त्यावर पर्मनंट मार्कर नको, पुसता येणारा घ्या. चुकून पर्मनंट लागलाच तर स्पिरिटच्या बोळ्याने निघतो, पण खालचे चार थर आधी बाजूला काढा, नाहीतर १९५६ ची रेघही पुसली जाते.