अडचण सोन्यात नाही, अमेरिकी केंद्र सरकारच्या करात आहे

‘अमेरिकेतल्या युटा राज्याने स्वतःच्या सोन्याच्या नोटा काढल्या, मग बाकीच्या राज्यांनी का काढू नयेत’ असं विचारलं जातं, ते दुरुस्त करायला हवं. युटाच्या २०११ च्या कायद्याने फक्त अमेरिकी केंद्र सरकारने पाडलेल्या सोन्याचांदीच्या नाण्यांना कायदेशीर चलन मानलं. २०१९ पासून मिळणारी ‘गोल्डबॅक’ ही सोन्याची नोट खाजगी कंपनीची आहे. एका गोल्डबॅकमध्ये एक सहस्रांश ट्रॉय औंस, म्हणजे साधारण ३१ मिलिग्रॅम सोनं असतं आणि किंमत त्या सोन्याच्या जवळपास दुप्पट. दुकानदार घेतो तोवर ठीक. नुसतं सोनं म्हणून मोडायला गेलात तर निम्मे पैसे गेले. राज्यांना स्वतः नाणी पाडायला तर अमेरिकी संविधानाचीच मनाई आहे.

म्हणून टेक्सास राज्याचा मार्ग मला जास्त पटतो: सोनं राज्याच्या तिजोरीत आणि व्यवहार इलेक्ट्रॉनिक. तसा कायदा २०२५ मध्ये झाला, अंमल मे २०२७ पासून. पण चर्चेत सुटलेली गोष्ट ही की केंद्राच्या लेखी सोनं ही मालमत्ता आहे, त्यामुळे ते खर्चणं म्हणजे विकणं. समजा २००० डॉलर औंसाने घेतलं आणि भाव ३००० असताना ६० डॉलरचा किराणा भरला. त्या सोन्याची खरेदी ४० ची, नफा २०. वर्षाहून जास्त ठेवलेलं असेल तर त्यावर कमाल २८ टक्के, म्हणजे ५.६० डॉलर कर. प्रत्येक पावतीला हा हिशेब कोण ठेवणार? परकीय चलन वैयक्तिक कामासाठी खर्चताना २०० डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. तीच सवलत सोन्याला द्यायला हवी, आणि ते राज्याच्या नाही, अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या हातात आहे.